वांगं नको, कढी नको... मग थाळीचं करायचं काय?

दोस्तांनो, सुट्टीत घरच्यांबरोबर शेगावला नाहीतर लोणारचं सरोवर बघायला निघालात, की दुपारी बाराच्या सुमारास एक प्रश्न हटकून येतो. जेवायचं कुठे? बाबा गाडीतूनच पाट्या वाचायला लागतात. ‘शुद्ध शाकाहारी भोजनालय’. ‘घरगुती जेवण’. ‘राईस प्लेट तयार आहे’. बाबांचा चेहरा खुलतो. आईचाही खुलतो, कारण आज तिला भाकरी थापायच्या नसतात. आणि तुमचा? तुमच्या पोटात गोळा! कारण आता जे ताट समोर येणार, त्यातल्या सात पदार्थांपैकी पाच तुम्ही खात नाही, हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं.

घरी हे प्रकरण निभून जातं. आई कुरकुरत का होईना, दही-पोळी देते, शेंगदाण्याची चटणी काढते. मेनूकार्डवालं हॉटेल असलं तरी भागतं. तिथे बोट ठेवायचं आणि म्हणायचं, हे आणा. थाळीत बोट ठेवायला जागाच नाही. पैसे ठरलेले, पदार्थ ठरलेले. मग तुम्ही पोळी आणि बटाट्याची भाजी तेवढी खाता, आणि वांगं, कढी, कोशिंबीर जिथल्या तिथे राहतं. बाबा विचारतात, “पैसे काय झाडाला लागतात का रे?” आजी म्हणते, “काहून रे बाप्पा, काहीच नाही खाल्लं?” शेजारच्या टेबलावरचे काका वळून बघतात. जेवण राहिलं बाजूला, लाज वाटायला लागते ती वेगळीच.

आज आपण या थाळीशीच जरा ओळख करून घेऊ. कारण तिला टाळायचं म्हटलं तरी फार वर्षं टाळता येणार नाही. कसं, ते पुढे सांगते.

आधी थाळी, मग मेनूकार्ड

तुम्हाला वाटत असेल, की मेनूकार्ड ही हॉटेलाची खरी रीत आणि थाळी ही मागाहून निघालेली काटकसर. गंमत म्हणजे युरोपात उलटं घडलं! तिथल्या खाणावळींत ठरलेली वेळ, ठरलेले पैसे आणि त्या दिवशी रांधलं असेल तेच, अशीच पद्धत होती. फ्रेंच लोक या प्रकाराला ‘ताब्ल दोत’ म्हणत, म्हणजे यजमानाचं टेबल. एका लांबलचक टेबलाभोवती अनोळखी माणसं दाटीवाटीने बसायची. पातेली मधोमध. ज्याने मधली जागा पटकावली त्याची चंगळ, टोकाला बसलेल्याने रस्सा आणि पाव खाऊन उठायचं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये नव्या धर्तीची रेस्टॉरंटं निघाली. वेगळं टेबल, आपल्या सोयीची वेळ आणि छापलेल्या यादीतून हवा तो पदार्थ! म्हणजे हॉटेलात बसून ‘मला हे नको, ते आणा’ म्हणायची चैन तिथे उणीपुरी अडीचशे वर्षांची.

आपल्याकडे खानावळ वाढली ती पोट भरण्याच्या निकडीतून. मुंबईत कापड गिरण्या निघाल्या आणि कोकणातून, घाटावरून हजारो माणसं कामाला आली. बायका-मुलं गावी, खोलीत दहा-पंधरा पुरुष, स्वयंपाक करणार कोण? मग गिरणगावातल्या बायकांनी आपल्याच लहानशा खोलीत जेवण रांधून घालायला सुरुवात केली. पैसे महिन्याचे महिन्याला. याच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराच्या व्याजातून त्यांची सुटका व्हावी म्हणून. तिकडे माटुंग्याला ए. रामा नायक यांनी १९४२ साली उडुपी श्री कृष्ण बोर्डिंग सुरू केलं. तिथलं केळीच्या पानावरचं जेवण प्रसिद्ध आहे.

सरकारनेही थाळीचा दर ठरवून पाहिला आहे, बरं का! १९९५ साली महाराष्ट्रात एक रुपयात झुणका-भाकर मिळायला लागली. ती योजना पुढे बंद पडली. मग २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. आता दहा रुपयांत हे परवडणार कसं? तेव्हा असं ठरलं, की एका थाळीचा हिशेब शहरात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरायचा. जेवणाऱ्याने दहा द्यायचे, वरचे चाळीस किंवा पंचवीस सरकारने. आणि या थाळीत ‘भाजी बदलून द्या’ म्हणायची सोय नव्हती. का नव्हती, तेच आता बघू.

तुम्ही मालकाचे लाडके गिऱ्हाईक!

थाळी स्वस्त का पडते? मालक सकाळी बाजारात जातो आणि त्या दिवशी जी भाजी भरपूर आली असेल, ती पोत्याने उचलतो. एक कढई, एक फोडणी, एकदाच मेहनत. मेनूकार्डवाल्याला मात्र वीस भाज्यांची तयारी ठेवावी लागते. त्यातल्या आठ कुणी मागितल्याच नाहीत, तर तो तोटा तो उरलेल्या बारा भाज्यांच्या किमतीत घालतो. म्हणजे मेनूकार्डवर तुम्ही निवडीचे पैसे मोजता, आणि थाळीत निवड सोडून देण्याबद्दल तुम्हाला सूट मिळते.

‘अनलिमिटेड’ थाळीचं गणित तर आणखी मजेदार आहे. समजा, थाळी दीडशे रुपयांची. एका टेबलावर तालमीतला पहिलवान बसलाय, तो नऊ पोळ्या खातो. शेजारी आजोबा आहेत, ते दीड पोळी खातात. तिसरे तुम्ही, दोन पोळ्या आणि पांढरा भात. तिघांचेही दीडशेच! मालक एकेकाचा हिशेब धरत नाही, तो सरासरी धरतो. पहिलवानाच्या जास्तीच्या पोळ्या तुमच्या आणि आजोबांच्या पैशांतून निघतात. तेव्हा मालकाचं लाडकं गिऱ्हाईक कोण, सांगा बघू? पहिलवान नव्हे. तुम्ही!

म्हणूनच भिंतीवर ती पाटी असते, ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये’. आईला वाटतं, पोरगं खाणार दोन घास, त्याला वेगळी थाळी कशाला, माझ्यातलंच खाईल. तिचं म्हणणं खोटं नाही. पण दोघं एका ताटात जेवले की मालकाची सरासरीच कोलमडते. पार्सल न देण्याचं कारणही तेच. मला स्वतःला ही पाटी उद्धट वाटते, जरा गोड शब्दांत लिहिता आली असती. पण तिच्यामागचं गणित बरोबर आहे, हे मान्य करावं लागतं.

आता यातली खरी मेख बघा. तुम्ही ‘नको’ म्हटलेली कढी पातेल्यातच राहते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात जाते. तुम्ही वाढून घेतलेली आणि न खाल्लेली कढी बादलीत जाते. बाबांनी दिलेले पैसे दोन्ही वेळेला सारखेच. म्हणजे ‘पैसे वाया गेले’ हे भांडण ताटात पदार्थ उरल्यावर करून काही हाती लागत नाही. जे काही ठरायचं, ते वाटीत कढी पडण्याच्या आधीच्या दोन सेकंदांत ठरतं.

तेव्हा आधी बोला. ताटं मांडायच्या आधी काउंटरवर किंवा वाढणाऱ्या काकांना विचारा, “काका, वांग्याच्या जागी वरणाची दुसरी वाटी मिळेल का?” छोट्या भोजनालयात बहुतेक वेळा मिळते. जिथे वाट्या आधीच भरून रांगेने मांडलेल्या असतात, तिथे मिळेलच असं नाही. पण विचारायला पैसे पडत नाहीत. लहान मुलांसाठी हाफ थाळी आहे का, हेही विचारून ठेवा. तुमचं वय तसं अडनिडं, थाळी पूर्ण घ्यायला लहान आणि हाफ मागायला मोठं!

‘लाड झालेत पोराचे’, खरंच का?

जे सगळं खात नाहीत, त्यांना घरात एकच ठरलेलं वाक्य ऐकावं लागतं, “फार लाड झालेत!” थोडे झालेही असतील. पण सगळा दोष लाडांचा नाही. जरा १९३१ सालात चला. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ एक पांढरी भुकटी बाटलीत भरत होते. पीटीसी हे तिचं छोटं नाव. थोडी भुकटी हवेत उडाली. शेजारी काम करणारे सहकारी एकदम ओरडले, किती कडू आहे हे! फॉक्स म्हणाले, छे, मला तर काहीच चव लागत नाही. दोघांनी जिभेवर घेऊन पाहिली. एकाला कडूजहर, दुसऱ्याला खडूसारखी बेचव! दोघंही खरंच बोलत होते. पुढे कळलं, की हा फरक आईवडिलांकडून येतो. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्यामागचं जनुकही शोधून काढलं.

पीटीसी काही भाजीत नसतं. पण तिच्या नात्यातली द्रव्यं पत्ताकोबी, फुलकोबी, मोहरी या मंडळींत असतात. म्हणजे एकाच कढईतली कोबीची भाजी ताईला गोडसर आणि तुम्हाला कडवट लागू शकते. त्यातून असंही दिसून आलंय, की एकाच जातीचं हे जनुक असलं तरी लहान मुलांना मोठ्यांपेक्षा कडूपणा जास्त जाणवतो. निसर्गाचा हिशेब सरळ आहे. रानातली पुष्कळ विषं कडू असतात. कडू थुंकणारं पोर जगलं!

नवीन पदार्थाची भीतीही अशीच. उंदीर नवं खाणं दिसलं की आधी कणभर चाखतो, त्रास झाला नाही तरच पुढे खातो. माणसाचं पोर साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात नव्या पदार्थाला सगळ्यात जास्त बिचकतं. चालता येऊ लागलंय, आई बघत नसताना काहीही तोंडात जाऊ शकतं, तेव्हा ही भीतीच त्याला राखते. मग हळूहळू ती ओसरते. काही जणांची मात्र तेरा-चौदा वर्षांची होईपर्यंत ओसरत नाही. आणि काहींचं भांडण चवीशी नसतंच, स्पर्शाशी असतं. भेंडीची तार, वांग्यातल्या मऊ बिया, भातात लपलेला कांद्याचा तुकडा. दाताखाली आला की संपलं!

यावर उपाय काय? १९८० च्या दशकात अमेरिकेत लीअन बर्च या संशोधिकेने लहान मुलांना नवे पदार्थ पुन्हा पुन्हा चाखायला दिले. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो जास्त आवडू लागला! नंतरच्या अभ्यासांतून असं दिसलं, की आठ-दहा वेळा, कधी कधी पंधरा वेळाही चाखावं लागतं. वाटीभर नव्हे, चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच. आपण दोनदा चाखतो आणि आयुष्यभरासाठी निकाल देऊन टाकतो. आणखी दोन गोष्टी निघाल्या, त्या आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवा. ‘संपवल्याशिवाय उठायचं नाही’ म्हटलं की तो पदार्थ आणखी नावडता होतो. आणि ‘भाजी खाल्लीस तर आईस्क्रीम’ असं म्हटलं, की आईस्क्रीमचं प्रेम वाढतं, भाजीचं कमी होतं!

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. चार पदार्थ न आवडणं वेगळं, आणि खाण्याच्या पदार्थांची यादी महिन्यागणिक लहान होत जाणं, वजन घटणं, घास घशात अडकेल या भीतीने जेवणच टाळणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला २०१३ पासून डॉक्टरांच्या पुस्तकात स्वतंत्र नाव आहे, ‘एआरएफआयडी’. तो नखरा नाही, आजार आहे. तुमचं किंवा तुमच्या मैत्रिणीचं असं होत असेल, तर आईला सांगा, डॉक्टरांकडे जा.

आणि मुलींनो, तुमच्यासाठी जरा जास्त. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. जिना चढताना धाप लागते, वर्गात डोळे मिटतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. हिरव्या पालेभाज्या, बाजरी, डाळी यांतून लोह मिळतं. पण ते अंगी लागायला सोबत आंबट हवं. थाळीतली लिंबाची फोड त्यासाठी पिळा. आणि जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका, तो लोह शोषू देत नाही. बाजारात आईला सोबत म्हणून तुम्ही अर्धा कप घेता ना, तोच!

ताटाची डावी बाजू

आता ताटाकडे वळू. आपल्या मराठी ताटाला डावी आणि उजवी बाजू असते, हे लग्नाच्या पंगतीत पाहिलं असेल. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी, कढी. डावीकडचं चिमूटभर वाढायचं आणि बोटाच्या टोकाने चाखायचं. लोणचं संपवलं नाहीस म्हणून कुणी कुणाला रागावलेलं ऐकलंय? नाही ना! मग नावडता पदार्थ डावीकडे घ्या. “मला चमचाभरच, इकडे डाव्या बाजूला.” ताट भरलेलं दिसतं, आजी खूश, आणि तुमच्या पंधरा वेळांपैकी एक वेळ पार पडली.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हे करायला मोठी मजा आहे. पूर्वेला अकोला-वाशीम, पश्चिमेला खानदेशातलं जळगाव, दक्षिणेला जालना, म्हणजे मराठवाडा. तिन्हीकडचे स्वाद आमच्या ताटात येऊन बसतात. मलकापूरच्या बाजूला भरीत, शेवभाजी आणि कळण्याची भाकर. शेगाव-खामगावकडे पातोडीचा रस्सा, डाळभाजी, आलू-वांगं. मेहकर-लोणारकडे ज्वारीची भाकर, पिठलं, ठेचा. असं काटेकोर वाटून घेतलेलं नाही हं, सगळीकडे सगळंच थोडंफार मिळतं. पण तीस-चाळीस कोसांत थाळी रंग बदलते हे खरं.

‘मला वांगं आवडत नाही’ असं म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न असतो, कुठलं वांगं? भंडाऱ्यातल्या आलू-वांग्याच्या भाजीत ते शिजून मऊ झालेलं असतं, साल सुटलेली, बिया तोंडात येतात. भरल्या वांग्यात देठासकट आख्खं, आत शेंगदाण्याचं कूट. आणि भरताचं वांगं आगीवर भाजलेलं, त्याला धुराचा वास, साल काढून ठेचलेलं. हे तीन पदार्थ आहेत. एक नावडला म्हणून तिघांनाही घराबाहेर काढायचं, हा कुठला न्याय?

दुसरी युक्ती पुलाची. जे आवडतं, त्याच्या शेजारचं खाऊन बघायचं. शेगावची कचोरी तर आवडते ना? फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनवर ती विकायला सुरुवात केली, आणि मुंबई-नागपूर मार्गावरच्या प्रवाशांनी ती चौफेर नेली. सोबत चटणी नाही, तळलेली हिरवी मिरची! आता कचोरीच्या आत बघा. डाळीचं पीठ, आलं-लसूण, मिरची. झुणक्यात काय असतं? डाळीचं पीठ, लसूण, मिरची. पातोडीत? तेच पीठ घट्ट शिजवून, वड्या पाडून, रश्शात सोडलेलं. कचोरी खाणाऱ्याला पातोडी परकी नाही, फक्त ती पाण्यात उतरली आहे!

पुष्कळदा भाजी नावडती नसतेच, तिखट सोसत नाही. वऱ्हाडी रश्शावर लाल तेलाचा थर तरंगतो, ती तर्री. वाढणाऱ्याला सांगा, “काका, तर्री बाजूला करून खालचा रस्सा द्या.” तरीही तोंड पोळलं तर पाणी ढोसू नका. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, ते तेला-तुपात विरघळतं. म्हणून दही, ताक, दूध घ्या. आणि एक गंमत. तिखट ही चव नाहीच! उष्णतेने भाजल्याची जाणीव देणाऱ्या नसांवर मिरची काम करते, म्हणून जीभ ‘भाजली’ असं वाटतं. ही भानगड उलगडणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

नाही म्हणायची कला

वऱ्हाडात जेवायला बसलात, की आग्रहाशी गाठ. “घे ना बापू, थोडसंच हाय!” तोंडाने ‘नको नको’ म्हणून भागत नाही, कारण पहिला ‘नको’ हा लाजण्याचा समजतात. हात ताटावर आडवा धरायचा, आणि सोबत काय हवं तेही सांगायचं. “भाजी पुरे, मावशी. वरण द्या थोडं.” नुसता नकार वाढणाऱ्याला झोंबतो, दुसरं काही मागितलं की तोच माणूस आनंदाने पळत जातो. करून बघा.

शेगावला गेलात तर हे जरा जास्त लक्षात ठेवा. गजानन महाराजांची गोष्ट भक्त सांगतात ती सुरूच जेवणावळीपासून होते. २३ फेब्रुवारी १८७८ चा दिवस. देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ झाली होती, उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकल्या होत्या, आणि त्यांतली शितं वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अग्रवाल यांच्या नजरेस पडला. महाराजांच्या नैवेद्यात पिठलं, भाकरी आणि आंबाडीची भाजी असते. म्हणजे बघा, पक्वान्न नव्हे, तर तुमच्यापैकी निम्मे जण ताटात बाजूला सारतात ती आंबट भाजी! आज संस्थानात महाप्रसादाला मोठमोठ्या पंगती बसतात. तिथे आंबाडी वाढायला आली, तर डावीकडे चमचाभर घेऊन बघा. तिचा आंबटपणा ज्वारीच्या भाकरीबरोबर वेगळाच लागतो. नाहीच आवडली, तर अजून चौदा वेळा आहेत!

आणि आता सुरुवातीला सांगायचं राहिलं होतं ते. तुमच्यापैकी कितीतरी जण दहावीनंतर गाव सोडतील. कुणी खामगावला, कुणी बुलढाण्याला, कुणी अकोल्याला, कुणी छत्रपती संभाजीनगरला. खोली घ्याल, क्लास लावाल, आणि मेस लावाल. मेस म्हणजे काय? गिरणगावातली तीच खानावळ, दोन वेळची थाळी, महिन्याचे पैसे बहुधा आधी. तिथे आई नाही, शेंगदाण्याची चटणी नाही. वांग्याच्या दिवशी उठून गेलात, की रात्री वडापाव आणि बिस्किटांवर पैसे जातात. बाबांनी कापूस, सोयाबीन विकून पाठवलेले पैसे एकाच जेवणासाठी दोनदा खर्च होतात, आणि वर पोट बिघडतं ते वेगळंच. कितीतरी हुशार मुलं पहिल्या वर्षी अशी वाळून घरी येतात.

म्हणून मेस लावण्याआधी एकेका वेळचे पैसे देऊन दोन-तीन ठिकाणी जेवून बघा. रविवारी नको, त्या दिवशी फीस्ट असते, सगळीकडे गोडधोड आणि सगळ्याच मेस चांगल्या वाटतात! मंगळवार-बुधवारी जा, साध्या दिवशी. आठवड्याच्या भाज्या कोणत्या, ते विचारा आणि वहीत लिहून घ्या. गावी गेल्यावर ‘खाडे’ कापतात का, किती दिवसांचे कापतात, हे पैसे देण्याआधी पक्कं करा. आणि मेसच्या मावशींना पहिल्याच आठवड्यात आपलं नाव सांगा. काय चालत नाही तेही सांगा, पण यादी दोन पदार्थांची असू द्या, बारा पदार्थांची नको. दोन लक्षात राहतात. “आज वांगं हाय रे, तुला पिठलं टाकू का?” असं विचारणाऱ्या मावशी अजून आहेत. फक्त त्यांना ते सकाळी दहाच्या आत कळवायचं, कारण अकराला पहिली पंगत बसते.